डावा कान

सुलभे, हाड मऊ झालं.

सोमवारी टाचणी लावून पाहिली, ती सहज आत गेली. ही पद्धत तुला कधी पटली नाही. "टाचण्या काय खुपसतेस, एक्स-रे काढ की," असं तू दर वेळी म्हणायचीस. पण कॉलेजचं एक्स-रे मशीन पुन्हा बंद पडलंय आणि टाचणीला वीज लागत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तू गेलीस, आता निफाडकडच्या द्राक्षबागांत मण्यांत पाणी उतरायला लागलंय. इतके दिवस तुझ्या डाव्या कानाचं हाड आपल्या लॅबच्या फ्रिजमध्ये, झाकणाच्या बरणीत, हाडातला चुना काढून घेणाऱ्या द्रावणात बसून होतं. द्रावण मीच बदलत होते. मध्ये एकदा शिपाई चांगुलपणानं म्हणाला, "मॅडम, राहू द्या, मी बदलतो." मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा आठवडाभर लॅबकडे फिरकला नाही.

हाड कापायला तयार झालं होतं. म्हणजे आता टाळायला मला कारण उरलं नव्हतं.

तुला माहीत नाही असं एक सांगते. दिवाळीनंतर दिलीपराव लॅबमध्ये आले होते. अंबडच्या कारखान्यात प्रेस-शॉपमध्ये सगळी नोकरी झालेला तुझा नवरा. घरात मीठ मागायचं तरी मशीनच्या आवाजावर मागायचा. त्या दिवशी इतक्या हळू बोलले की मलाच पुढे वाकावं लागलं. म्हणाले, "अलका, तुम्ही खरं सांगाल म्हणून तुमच्याकडे आलो. तिला व्हेंटिलेटरवर टाकू नका, आता थांबवा, असं डॉक्टरांना मी सांगितलं. पण त्याआधी मी तिच्या कानाशी जाऊन तिला सांगितलं होतं. डाव्या कानाशी. उजवीकडे सलाईनचा स्टँड होता, तिकडून वाकता येत नव्हतं. तिला ते ऐकू गेलं असेल का?"

मी म्हटलं, मला कसं कळणार?

"तोच कान आहे ना तुमच्या बरणीत? तुम्ही तो कापून बघणार ना?"

मी त्यांना समजावलं, की कापून फार तर नस जिवंत होती की नाही एवढं कळतं. ऐकलं की नाही, समजलं की नाही, ते भिंगाखाली दिसत नाही. ते म्हणाले, "तेवढं सांगा. नस जिवंत असेल तर निदान तिला माहीत होतं असं मी धरेन. मेलेली असेल तर मग मी तिला न विचारताच..." त्यांनी टेबलावरचा काचपट्ट्यांचा डबा उगाच सरळ केला आणि गेले.

तुझाही दोष आहे यात. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणाजवळ बसून तूच म्हणाली होतीस, "मला मशीनवर ठेवा, नळ्या लावा, काय वाट्टेल ते करा, पण कानावरचा पेपर पुरा होईपर्यंत मला जगवा." आम्ही सगळे हसलो. तूही हसलीस. ती थट्टा होती की तुझी इच्छा होती, हे हसणाऱ्यांपैकी एकाला पुढे ठरवावं लागणार आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. विचारावं म्हटलं तेव्हा तू तापानं शुद्धीत नव्हतीस, आणि कानांनी तर आधीच पाठ फिरवली होती.

मला तुझी फार आठवण येते, सुलभे, आणि तुझा रागही येतो. दोन्ही एकदमच येतात, मी त्यांना वेगळं करायच्या भानगडीत पडत नाही.

आपण दोघी एकाच कॉलेजात राबलो. तू फिजिऑलॉजीत, मी ॲनाटॉमीत. तुला जिवंत पेशी लागायच्या. काचेच्या बारीक नळीनं त्यांच्यातली वीज मोजत तासन्‌तास बसायचीस, श्वाससुद्धा जपून घ्यायचीस. मला मेलेल्या चालायच्या. मी म्हणायचे, मेलेली पेशी खोटं बोलत नाही. तू म्हणायचीस, "बाई गं, ती बोलतच नाही." 

तुझा विषय लोकांना सांगताना तू पंगतीचा दाखला द्यायचीस. कानातल्या शंखात ऐकण्याच्या नसेच्या हजारो पेशी असतात आणि प्रत्येकीला एक आधारपेशी अंगाभोवती पातळ गुंडाळून बसलेली असते. नसपेशी आवाज पुढे पाठवते तेव्हा आतलं पोटॅशियम बाहेर टाकते. ते तिथंच साचलं तर नसपेशी मुकी होते, पुन्हा बोलूच शकत नाही. आधारपेशीच्या अंगावर इवलीशी दारं असतात, त्या दारांतून ती हे पोटॅशियम आत घेते आणि जागा मोकळी करून देते. "पंगत उठली की उष्ट्या पत्रावळ्या कुणीतरी उचलतं म्हणून दुसरी पंगत बसते," असं तू पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचीस. "सगळे वाढप्याचं कौतुक करतात, जेवणाऱ्यांचं करतात. मी पत्रावळ्या उचलणाऱ्यांवर पीएच.डी. केलीये." मुलं हसायची, पण परीक्षेत तेवढंच उत्तर बरोबर लिहायची.

आणि ही पीएच.डी. उभी राहिली ती तुझ्या धांदरटपणावर, हे मी कुणाला सांगायचं नाही असं तू मला बजावलं होतंस. आता सांगते, काय करशील? पुण्यात आपण शिकत होतो तेव्हाची गोष्ट. दोन बाटल्या. एकीत पेशीच्या आत असतं तसं पोटॅशियमनं भरलेलं द्रावण, दुसरीत पेशीच्या बाहेर असतं तसं. दोन्ही दिसायला पाणी. तू बाहेरच्या जागी आतलं ओतलंस. सगळ्या पेशी एका दमात गप्प झाल्या. तुला वाटलं, नसेला गप्प करणारं काहीतरी नवीनच सापडलं! सगळ्या लॅबला मिसळ मागवलीस, गाइडना बोलावून आणलंस. मी रश्श्याचा हात पुसत बाटलीवरची चिठ्ठी वाचली. गाइड एक शब्द न बोलता निघून गेले, जाताना मिसळ मात्र घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तू डोळे सुजलेले घेऊन आलीस आणि म्हणालीस, "अलके, पण मग खऱ्या कानात हे बाहेर साचत कसं नाही? कोण उचलतं?" त्या प्रश्नावर तू पुढची सगळी वर्षं काढलीस. मी तुझ्याइतकी हुशार नाही याची मला तेव्हाच खात्री पटली, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. बहिरेपणात आधी कोण मरतं? तू म्हणायचीस, आधी आधारपेशी हात टेकतात, त्यांची दारं बंद होतात, आणि मग नसपेशी आपल्याच उष्ट्यात गुदमरून जातात. म्हणून त्या दारांना वाचवा, नस वाचेल. मी म्हणायचे, उलट आहे. आधी नसपेशीच जातात, आधारपेशी मागे राहतात, काम नसलं तरी. उंदरांच्या कानांनी आपल्या दोघींनाही आलटून पालटून खरं ठरवलं. शेवटी तू म्हणालीस, माणसाच्या कानातली गुंडाळी उंदरापेक्षा निराळी, माणसाचाच कान हवा. पण माणसाचा कान मिळतो कुठे? माणूस गेला की काही तासांत सगळं नासायला लागतं. तोवर घरचे पाहुण्यांची वाट बघत असतात.

मग तुझ्या पोटातली गाठ निघाली.

पहिल्या केमोला मी तुझ्याबरोबर होते. नर्सनं बाटली स्टँडला लावली, तू चष्मा वर करून तिच्यावरचं नाव वाचलंस आणि मला म्हणालीस, "ओळखीचं गिऱ्हाईक आहे." तेच औषध. उंदरांना बहिरं करायला तू वर्षानुवर्षं टोचत आलीस तेच. कर्करोगाला मारतं आणि जाता जाता कानही खातं.  तू मात्र हात पुढे केलास. डॉक्टरांना विचारलंस की दुसरं काही आहे का, ते म्हणाले, याच्याइतकं कामाचं नाही. "मग लावा," म्हणालीस. परत येताना गाडीत गंगापूर रोडच्या सिग्नलला तू मला म्हणालीस, "अलके, आता माणसाचा कान मिळाला." मी गाडी बाजूला घेऊन तुला अद्वातद्वा बोलले. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी थांबल्यावर म्हणालीस, "झालं? आता घरी चल, मला मळमळतंय."

आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग बायकांचे आवाज, माझा त्यात पहिला. पुरुषांचे जाड आवाज जास्त टिकले, म्हणून काही दिवस घरात तुझ्याशी फक्त दिलीपरावच बोलू शकत होते, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान! तपासणीत डावा कान उजव्यापेक्षा नेहमी मागे. पुढे पुढे आम्ही सगळे पाटीवर लिहायला लागलो. तुला बहिरेपणाची लाज अजिबात नव्हती, चीड होती ती आमच्या अक्षराची. मी पाटीवर लिहायचे, "नसपेशी आधी." तू मोठ्यानं म्हणायचीस, "आधारपेशी!" आणि ती आरोळी शेजारच्या बाल्कनीपर्यंत जायची. शेवटचं नीट बोलणं झालं त्या दुपारी तू पाटी माझ्या हातातून घेतलीस आणि पहिल्यांदाच स्वतः लिहिलंस: "मी चुकले असेन तर तसंच छापायचं." मी खाली लिहिलं, "मी चुकले असेन तर?" तू वाचलंस, पदरानं पुसून टाकलंस आणि डोळे मिटलेस. त्याचं उत्तर तुझ्याकडून यायचं राहिलंच.

तू गेलीस त्या सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे व्हायला हवं होतं. तुझी संमती होती, कॉलेजची परवानगी होती, दिलीपराव तयार होते, आपल्या कॉलेजचे कान-नाक-घशाचे डॉक्टर हॉस्पिटलात येऊन उभे होते. कानामागं चीर, आतल्या हाडाचा तुकडा, टाके. चेहऱ्याला धक्का नाही. मी बरणी घेऊन जिन्यात उभी. आणि तुझा बाळूदादा आला. पिंपळगाव बसवंतच्या पुढच्या मळ्यातून, छाटलेल्या वेलीच्या काड्यांना फुटव्यासाठी पेस्ट लावता लावता तसाच उठून. हाताला पेस्टचा वास येत होता.

"काय काढायचं म्हणताय?"

मी सांगितलं.

"नाय. अलकाताई, तुमी शिकलेल्या, तुमच्या पुढं मी काय बोलू. पण आमच्यात माणूस सगळंच्या सगळं जातं. अर्धवट नाय पाठवत."

"दादा, तिनंच सांगितलंय. तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"तिनं लय सांगितलं. लहानपणापासून सांगतच आली. पुण्याला जाती म्हणली, मी जा म्हणलो. उंदरं कापती म्हणली, तरी मी काय नाय बोललो. आता तिला मी काय इचारू?"

मी घड्याळाकडे बघत होते. तुला माहीत आहे मी का बघत होते. आत तुझ्या पेशींची दारं एकेक करून निकामी होत असणार, पोटॅशियम नुसतं गळत असणार, आणि इथे जिन्यात आम्ही बोलत बसलोय. माझा तोल गेला. मी म्हटलं, "दादा, त्या कानांनी तिला काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही कामातून गेलेले होते."

तो पायरीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "एक घ्या. एक राहू द्या तिला. आई तिकडं वाट बघत आसंल, हाक मारंल. एका कानानं तरी ऐकू यायला पायजे."

"दादा, शास्त्राला दोन्ही—"

"उजवा राहू द्या. उजवं शुभ असतंय."

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. हे मी तुला स्पष्ट सांगते, कारण तुझ्यापुढे आव आणण्यात अर्थ नाही. मला एवढंच दिसत होतं की अर्धा प्रयोग गेला. एक बाजू ताजी गोठवून, दुसरी द्रावणात घालून, दोन्हींची तुलना करायची असं तू आणि मी किती वेळा कागदावर मांडलं होतं! एका कानावर कोण विश्वास ठेवणार? मी मनात बाळूदादाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांनी हाड काढलं, मी बरणी धरून उभी राहिले. ड्रिलचा आवाज होता, तेवढाच होता. तुझ्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

मग तुला घरी आणलं. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तुला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. केमोनं डोक्यावर केस ठेवले नव्हते, त्यामुळे डाव्या कानामागचे टाके उघडेच दिसत होते. कुणीतरी "अगं, हे काय झालंय हिला?" म्हणून विचारायला लागलं. बाळूदादाच्या बायकोनं, तुझ्या वहिनीनं, साडीचा पदर पुढं ओढून तुझे कान झाकले आणि म्हणाली, "थंडी वाजती तिला." पुढं कुणी काही विचारलं नाही. अमरधामला मी आले नाही. मी लॅबमध्ये तुझ्याबरोबर होते, असं मी स्वतःला सांगितलं.

बाळूदादाशी त्यानंतर मी बोललेले नाही. त्यानं एकदा द्राक्षांची पेटी पाठवली, लवकरच्या छाटणीची. मी ती लॅबमध्ये वाटून टाकली.

तर मंगळवारी काप घ्यायला बसले. मेणात बसवलेलं तुझं हाड, पाती नवी लावली, सुरुवातीचे काप फाटले. पात्याचा कोन चुकला होता. कोन बदलला आणि मग एकामागोमाग एक काप पातळ फितीसारखे निघत गेले. ते पाण्यावर सोडले. शंखाची वळणं पाण्यावर उमलली. इतका सुंदर काप मी आयुष्यात घेतला नव्हता, सुलभे, आणि दाखवायला तू नव्हतीस. मी तिथंच रडले. मास्क ओला झाला म्हणून बदलला आणि पुढचे काप घेतले.

रंग चढवले. नसपेशींना लाल, तुझ्या त्या दारांना हिरवा. गुरुवारी भर दुपारी अंधाऱ्या खोलीत जाऊन भिंगाला डोळा लावला. खालच्या वळणापासून सुरुवात केली, जिथे चिमण्या आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. लाल एकही नाही. ते अपेक्षित होतं. मधल्या वळणात शिरले. नाही. मग मी थांबले. वरचं वळण राहिलं होतं, जाड आवाजांचं. दिलीपरावांचा आवाज जर कुठे पोचणार असेल तर तिथेच. देवाबिवाचं मला काही नसतं हे तुला ठाऊक आहे, पण त्या क्षणी मी काहीतरी पुटपुटले.

वरच्या वळणात लाल होतं. इथे एक, तिथे एक. दार आपटलं तर दचकायला तेवढं पुरेल. वाक्य समजायला पुरणार नाही.

आणि हिरवा सगळीकडे होता. सगळीकडे गं. पातळ हिरव्या कड्या, एकीला एक लागून, जशा जिवंत कानात असतात तशा. आतल्या नसपेशी गेलेल्या, आणि बाहेरून गुंडाळून बसलेल्या आधारपेशी जागच्या जागी. दारं शाबूत. साचलेलं उचलायला तयार, आणि आत कुणी टाकणारं नाही.

मी बरोबर होते, सुलभे. तुझं म्हणणं, निदान या कानापुरतं, खोटं ठरलं. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले आणि त्या अंधाऱ्या खोलीत "हे चूक आहे, रंग चुकलाय, पुन्हा कर" म्हणून माझ्यावर ओरडायला कुणी नव्हतं. म्हणून मीच स्वतःशी तुझ्या बाजूनं भांडले. एकच कान आहे. औषधानं मेलेला आहे. तापात गेलेली बाई आहे. रंग पुन्हा केला. तेच आलं. तू सांगितलंस तसं छापणार आहे. त्यात दुसऱ्या बाजूचा कान उपलब्ध नव्हता हेही लिहिणार आहे.

शनिवारी दिलीपराव आले. मी फोन केला नव्हता, त्यांनीच दिवस मोजले असणार. हातात तुझी ती निळी छत्री, थंडीत कशाला कोण जाणे. बसा म्हटलं, बसले नाहीत.

त्यांना काय सांगायचं यावर मी दोन दिवस झोपेचं खोबरं करून घेतलं होतं. वरच्या वळणात लाल आहे, एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. तेवढ्यावर ते घरी जाऊन जेवले असते. पण माणसं मला विचारायला येतात ती मी गोड बोलेन म्हणून येत नाहीत. तूही त्यासाठी आली नव्हतीस कधी. तुझ्या नवऱ्याला मी वेगळा न्याय लावला असता तर तुलाच ते आधी कळलं असतं.

"दिलीपराव," मी म्हटलं, "डाव्या कानात फार थोडं उरलं होतं. तुम्ही बोललेलं त्या कानातून पोचलं नसणार."

त्यांनी मान हलवली.  छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. मग म्हणाले, "म्हणजे मीच ठरवलं. तिला न विचारता."

  बाहेर पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता, आम्ही दोघं ते ऐकत उभे राहिलो. चांगल्या कानांनी.

"आणि उजवा?" त्यांनी विचारलं.

"उजवा आपण काढला नाही ना. बाळूदादांनी काढू दिला नाही. तो तिच्याबरोबर गेला."

"त्याचं काय असेल?"

"शेवटच्या तपासणीत तो डाव्याहून बरा होता. नंतर काय झालं असेल ते मला माहीत नाही."

"आता ते कळणारच नाही?"

"नाही. कुणालाच नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांत्वन करतेय की काय, हे ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. सापडलं नसणार, कारण मी करत नव्हते.

"पण मी तर डावीकडून बोललो," ते म्हणाले.

"तुमचा आवाज, दिलीपराव. प्रेस-शॉपचा. तो एका बाजूला थांबणारा आहे का?"

ते हसले. हसताना तोंड वाकडं झालं आणि मग त्यांना खुर्ची लागली. मी पाणी दिलं. मान खाली घालून बसले होते, गळ्यातल्या गळ्यात म्हणाले, "हळूच सांगणार होतो. पण मला हळू कुठं येतं? शेजारच्या पेशंटची मुलगी पडदा सरकवून बघायला आली होती."

"मग?"

"मग उजव्याला ऐकू गेलं असू शकेल?"

"असू शकेल."

"नक्की नाही म्हणत तुम्ही."

"नाही म्हणत."

"बरं." त्यांनी पाणी संपवलं, ग्लास स्वतः बेसिनपाशी नेऊन विसळला, पालथा घातला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तेवढ्यावर दिवस काढेन मी."

ते गेल्यावर मी भिंगापाशी परत आले, पण डोळा लावला नाही. तुला सांगते, सुलभे. त्या दिवशी जिन्यात बाळूदादा पायरीवर बसला नसता, तर उजवा कानही मी आणला असता, तोही मऊ केला असता, कापला असता, आणि या माणसाला त्याचंही उत्तर दिलं असतं.